एक खातं, नऊ स्वयंपाकघरं

४ फेब्रु., बुध.
ठाण्याच्या ऑफिसात दिवसभर आकडे. शहराच्या योजनेतलं घरगुती डब्यांचं ॲप स्वतःच्या पायावर टिकेल का, एवढंच आम्ही सांगायचं. नाही म्हटलं की योजना बंद. डोंबिवली पश्चिमेच्या एका चाळीत नऊ बायकांची खाती. आठ मेलेली, एक धो धो चालू. कोणी सुलभाताई. शेरा मारला: 'एकाच व्यक्तीवर अवलंबून. टिकणार नाही.' सर खूश. मीही.

६ फेब्रु., शुक्र.
शेरा पक्का करायला स्वतः गेले. डोंबिवलीतच, पूर्वेला, राहून पश्चिमेला जायची वर्षातली दुसरी खेप! सुलभाताई दारात मटार सोलत बसलेल्या. शेगडी थंड.
"आज माझा नंबर नाय. रंजनाचा आहे."
पण ऑर्डर तर तुमच्या नावावर?
"माझ्याच नावावर येणार. माझे स्टार जास्त. करते जिचा नंबर असेल ती."
दारामागे कॅलेंडर, प्रत्येक तारखेवर दोघी-तिघींची नावं. रंजनाची सासू वारली तेव्हा तिला सुतक. तेरा दिवस तिने बाहेरचं काही रांधलं नाही, ऑर्डरी नाकारल्या. स्टार उतरले ते पुन्हा चढलेच नाहीत. ॲपला सुतक कळत नाही. तेव्हापासून नऊजणी एकाच खात्यावर.
शेजारच्या खोलीत रंजना पोळ्या लाटत होती. माझ्या कागदावर ती मेलेली. स्वतःचा इतका राग बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

९ फेब्रु., सोम.
ॲपचे नियम वाचले. एक खातं, एक स्वयंपाकघर. दुसऱ्या कोणी वापरलं तर खातं बंद. म्हणजे खरं लिहिलं तर यांचं खातं जाणार, आहे तसं ठेवलं तर योजनाच जाणार. सर म्हणाले, "अगं, नंबर लावायला आपल्या फॉर्ममध्ये रकाना कुठाय?" आणि हसले. डोकं फिरलं. रकाना मी आखेन.

१० फेब्रु., मंगळ.
पुन्हा चाळीत. लिहिलं तर काय होऊ शकतं ते आडपडदा न ठेवता सांगितलं. सुलभाताईंनी दारामागच्या कॅलेंडरकडे पाहिलं.
"लपवून किती दिवस करणार, मॅडम? लिवा. पण नियम बदला, हे पण लिवा."
रंजना चिडली. "तुमचं काय जातंय?"
काहीच नाही. बरोबर आहे तिचं.

११ फेब्रु., बुध.
जुना शेरा काढून टाकला. नवा: 'नऊजणी मिळून चालवतात, म्हणूनच टिकलं आहे. गटाच्या नावाने खातं द्यावं. तोवर हे बंद करू नये.' शेवटच्या वाक्याखाली रेघ. सरांनी दोनदा वाचलं. "तू मला अडकवणार." तरी योजनेच्या साहेबांना आणि ॲपवाल्यांना पाठवलं. मानलं त्यांना.

१३ फेब्रु., शुक्र.
सकाळी सातला सुलभाताईंचा फोन. खातं बंद. 'तपासणी चालू आहे', बाकी काही दिसत नाही. खाली रेघ मारलेलं वाक्य कोणी वाचलंच नसावं. शिव्या खायची तयारी ठेवली होती. त्यांनी दिल्या नाहीत, ते जास्त लागलं.
"मॅडम, कणीक मळून झालीय. काय करू?"
लगेच ॲपवाल्यांचा नंबर फिरवला.
ते फोन उचलत नाहीत. योजनेच्या साहेबांकडून सरांनी सोमवारी दहाची वेळ घेतली, ठाण्याला. फक्त आपण दोघं, असं सर म्हणाले. मी म्हटलं, दोघं नाही, अकराजण, या नऊजणीही. आत सोडतील का, माहीत नाही. रंजना तर येणारच नाही म्हणते.
संध्याकाळी चाळीत गेले. सकाळच्या पोळ्या शेजारीपाजारी वाटून झाल्या होत्या. दोन माझ्यासाठी झाकून ठेवलेल्या. रंजनानेच वाढल्या, माझ्याकडे न बघता. दोन्ही संपवल्या. सोमवारी या बायका आत आल्याशिवाय मी खुर्चीवर बसणार नाही.