अळ्यांचं जरा बघ

मुलुंड पूर्व,
सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

ती. आजोबांस,
सिद्धेशचा सा. न. वि. वि.

काल सकाळी साडेदहाला गंधालीने कढीपत्त्याच्या कुंडीत वाकून बघितलं आणि माझी वाट लागली. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही ते बरंच आहे. हे ओरडून सांगितलं असतं तर अख्ख्या बिल्डिंगला कळलं असतं.

गंधाली म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची. मागच्या पत्रात जिच्याबद्दल मी तीन पानं लिहिली आणि तुम्ही फक्त मुलगी उंच आहे का एवढंच विचारलंत, तीच. दसऱ्याला ती चार दिवस दहिसरला मावशीकडे गेली. जाताना घराची चावी माझ्या हातात दिली, माझ्या, आणि म्हणाली की कढीपत्त्यावरच्या अळ्यांचं जरा बघ.

आता आम्हा मुंबईकरांना 'बघ' म्हटलं की आम्ही बघूनच घेतो. त्यात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलं तरी मी कामाला आहे कीटकनाशकाच्याच कारखान्यात. आमचं औषध म्हणजे मातीतले जिवाणू वाढवून, वाळवून केलेली पूड. पाण्यात कालवून पानांवर फवारायची. अळीने पान खाल्लं की जिवाणूतलं विष तिच्या पोटात सुटतं. माणसाला काही नाही, मधमाशीला काही नाही. अळी मात्र लगेच खाणं सोडते आणि दोन-तीन दिवसांत खलास. मी दोनदा फवारलं. वर मेलेल्या अकरा अळ्या कागदावर ओळीत मांडून ठेवल्या, काम दिसावं म्हणून.

तिने त्या फुलपाखरांसाठी पाळल्या होत्या. एकेकीला नाव होतं. तिने चावी परत मागितली. अळ्यांसारखा मीही कालपासून जेवलेलो नाही. काय करू, कळवा.

तुमचा लोभ तरी शाबूत असू द्या.
सिद्धेश


देवगड,
१८ ऑक्टोबर

चि. सिद्धेश यास,
काशीरामचे अ. आ.

अळीने खाणं सोडलं तर अळी मरते. तू सोडलंस तर तुझी आई मरेल. आधी जेव.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी गिरणीतून रजेवर गावी आलो होतो. घरी पाहुणे यायचे होते. तुझी आजी वनमाला विहिरीवर जाताना सांगून गेली, कोंब्याचा जरा बघा. मी सुरी घेऊन कोंबड्याचं बघितलं. तिला म्हणायचं होतं की कुत्र्यापासून सांभाळा. पाहुणे बोटं चाटून जेवले, ती जेवली नाही. आठ दिवस मी तिला पटवत होतो की चूक शब्दाची आहे. जितकं पटवलं तितकी ती चिडली. नवव्या दिवशी बाजारातून जिवंत कोंबडा आणून तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, माझी चूक झाली. तेवढंच. त्या दुपारी मला वाढलं. कोंबडा म्हातारा होऊन मेला. त्याचं बघायची परवानगी मला शेवटपर्यंत नव्हती.

तू माझ्यावर गेलायस, हाताआधी तोंड चालतं. तेव्हा काहीतरी जिवंत घेऊन जा आणि कमी बोल. मुलगी उंच आहे का, ते अजून कळवलं नाहीस.

आशीर्वाद नेहमीचेच, पुरून उरतील इतके.
काशीराम


मुलुंड पूर्व,
बुधवार, २३ ऑक्टोबर

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. जेवलो.

कारखान्याच्या मागे लिंबाचं रोप होतं, कुंडीतलं. त्यावर त्याच जातीच्या पाच अळ्या आहेत, लहान, अगदी कावळ्याच्या शिटेसारख्या दिसतात. आमचे मालक चंद्रप्रकाश शेठ उद्या त्यांच्यावर नवी पूड मारून बघणार होते. मी त्या मागितल्या. ते म्हणाले की अळ्यांवर जीव असणाऱ्याने आमच्या धंद्यात राहू नये. माझं डोकं फिरलं. कुंडी उचलली आणि सरळ बाहेर पडलो. कॉलेज का सोडलं हे बाबांना आजवर नीट सांगता आलेलं नाही. नोकरीचं सांगता येईल: पाच अळ्या.

तिच्या कढीपत्त्यावर त्यांना सोडणार नाही. पूड उन्हात काही दिवसांत निकामी होते, पण आता मी कसलीच खात्री देत नाही. लिंबावरच राहतील. एक अळी हे लिहिताना समोर पान कुरतडतेय. तिची भूक बघून मला एवढं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

बोलायचे शब्द तीनच, तुमचेच. चौथा आला तर जीभ चावेन. आणि हो, उंच आहे. माझ्याहून दोन बोटं. माफीसुद्धा मान वर करूनच मागावी लागणार.

लोभ थोडा वाढवा, आज लागेल.
सिद्धेश

ता. क. आई विचारतेय की कामाच्या दिवशी कुंडी घेऊन कुठे निघालास. अळ्यांचं बघायला, असं सांगितलं. आधी हे पाकीट बंद करतो, मग दार.