आग्नेयेचा कोपरा

२ फेब्रु. २०१३, हिल्सबरो
घर विकलं गेलं. २२ मार्चला किल्ल्या द्यायच्या. सुनंदाला फोन करून सांगितलं. ती नोकरीसाठी वेलिंग्टनला गेली त्याला दीड वर्ष झालं. सहा महिन्यांसाठी म्हणून गेली होती. भांडण नाही, तंटा नाही. भांडण असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं.
म्हणाली, "बरं." मग, "आईची जोडवी तेवढी काढून ठेव."
वास्तुशांतीला वास्तुपुरुषाच्या तांब्याच्या डबीत हिने तिच्या आईची चांदीची जोडवी ठेवली होती. आईचं म्हणून तेवढंच उरलंय तिच्याकडे. डबी गुरुजींनी पुरली. ही स्वयंपाकघरात, मी पाहुणे आणायला गेलेलो. कोपरा आग्नेय, एवढं दोघांनाही पक्कं आठवतं.

३ फेब्रु., रवि.
फोनमधल्या होकायंत्रावर आग्नेय काढली. कुंपणाचा कोपरा. महिनाभर पाऊस नाही, चिकणमाती वाळून वीट झालेली. बागेतली खुरपी पहिल्याच दणक्यात वाकली. फावडं टणकन उडून नडगीवर बसलं. पहार आहे, पण पहारीने डबीच फुटायची. दोन तासांत खड्डा वीतभर. नडगी मात्र टम्म.

१० फेब्रु., रवि.
शेजारचे म्हातारे रॉन बीचवर नाणी शोधत फिरतात, त्यांनी डिटेक्टर दिला. कोपराभर टुणटुण. खिळे, बाटल्यांची झाकणं, एक बिजागरी. माझी खुरपी बघून हसले. "डोन्ट लीव्हर इट, मेट. कट." उचकटायचं नाही, कापायचं.
संध्याकाळी सु.चा फोन. "सापडलं?" यंदा पहिल्यांदाच तिने आपणहून केला.

१३ फेब्रु.
ईस्ट टामाकी, कंपनीत. लंचच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये ट्रकच्या कमानपाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा, तुकडा घेतला. तीन बोटं रुंद, एका कडेला धार, दुसऱ्या कडेला करवतीसारखे दात. पाइपची मूठ वेल्ड केली. डबा खायचा राहिला.

१७ फेब्रु., रवि.
हत्यार झकास. तीन बाजू कापायच्या, झाकणासारखी ढेप उलटायची, पाणी ओतायचं, चहा करून प्यायचा, मग परत. सात खड्डे झाले. डबी नाही.
सु. आता रोज फोन करते. आज म्हणाली, "दात कशाला?" म्हटलं, मुळं कापायला. मग डब्याला काय नेतोस, नडगी कशी आहे… वीस मिनिटं बोललो. फोन ठेवल्यावर घर नेहमीपेक्षा रिकामं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण आज डबी सापडली नाही याचं दुःख झालं नाही.

२४ फेब्रु., रवि.
अकरावा खड्डा. फोनवर वैतागून म्हटलं, गुरुजींनी नक्की आग्नेयच धरली ना?
"अरे, मी विचारलं होतं होकायंत्र आणू का. तर म्हणाले, माध्यान्हीचा सूर्य समोर आहे, तीच दक्षिण, होकायंत्र कशाला."
गुरुजी नाशिकहून येऊन चारच दिवस झाले होते. इथे दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो! पाठपोट उलटं. गुरुजींची आग्नेय ती खरी वायव्य. सात वर्षं वास्तुपुरुष वायव्येला झोपलाय आणि मी इंजिनिअर माणूस चार रविवार भलताच कोपरा उकरतोय. दोघंही पोट धरून हसलो. ती हसताना शेवटी खोकते, हे मी विसरलोच होतो.

२ मार्च, शनि.
वायव्येला कपडे वाळत घालायचा लोखंडी खांब. डिटेक्टर नुसता किंचाळतो, ठेवून दिला. पाणी मुरवून लांब स्क्रूड्रायव्हर टोचत गेलो. नवव्या वेळी टक्. कडेने कापलं, शेवटी बोटांनी. डबी हिरवी पडलेली. आत वास्तुपुरुष, जोडवी काळी, दोन्ही आहेत. मातीतच बसून राहिलो.
तेवढ्यात फोन. "सापडलं?"
"नाही अजून."
कसं तोंडातून गेलं कळलं नाही.
ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी मी येते. दोघं मिळून खणू."

४ मार्च
सांगायला हवं. दोनदा फोन हातात घेतला. सांगितलं तर म्हणेल, "कुरिअर कर." करीनही. मग २२ तारखेनंतर ती मला कशाला फोन करेल?

८ मार्च, शुक्र.
डबी पुसून, होती तशीच परत खाली ठेवली. माती लोटली, पण दाबली नाही. रोज पाणी घालतोय, म्हणजे तिच्या हाताला जड जाणार नाही. दुसरं हत्यार केलं, मूठ आखूड, तिच्या उंचीला बेताची. दोन्ही धुऊन मागच्या दाराशी ठेवली आहेत.
उद्या दहाची फ्लाइट. मघाशी मेसेज आला, "जुने बूट आणू ना?"
हो म्हटलं. खरं काय ते तिला खड्ड्याशी उभं राहून सांगेन. की सापडल्यावर, तिचा चेहरा बघून…