महलका खालांना गरज नसलेली लस टोचण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य वैद्यकीय अधिकारी,
वाळूमाशी-फोड लस चाचणी विभाग,
आरोग्य केंद्र, गोलशन-दश्त, जि. इस्फहान.

विषय : अर्जदारास गरज नसतानाही लस टोचण्याबाबत.
संदर्भ : आपला गेल्या सोमवारचा तोंडी नकार.

महोदय,

अर्जदार महलका खाला, वय ७१, यांना लिहिता येत नसल्याने त्यांच्या सांगण्यावरून मी, अर्जनवीस एसकंदर, हा अर्ज लिहीत आहे.

१. आपल्या परिचारिकेने अर्जदारांच्या हातावर तपासणीचा थेंब टोचला. दोन दिवसांत तिथे जर्दाळूच्या बीएवढी गाठ आली. वाळूमाशीच्या चाव्यातून शिरून फोड उठवणाऱ्या परजीवीला शरीरातल्या टी-पेशी आधीच ओळखतात, सबब लस नको, असे सांगून आपण त्यांना परत पाठवले. ओळखणारच! हा फोड एकदा उठला की पुन्हा उठत नाही, म्हणून चेहरा वाचवायला लहानपणी आईने दुसऱ्याच्या फोडात बुडवलेल्या काट्याने त्यांच्या मांडीवर तो मुद्दाम उठवला होता. पुढे अर्जदारांनी गावातल्या त्रेचाळीस मुलींना असाच काटा टोचला. आपल्या लसीत माकडाच्या सर्दीचा दुबळा केलेला विषाणू शरीराला परजीवीची ओळख पटवतो, हे ऐकून त्यांचे म्हणणे, "म्हणजे माझंच काम, फक्त पांढरा कोट घालून." हे वाक्य गाळू देण्यास त्या तयार नाहीत.

२. त्यांची नात तरलान नऊ वर्षांची आहे. लस टोचण्याची यादी शनिवारी बंद होते आणि महिनाभरात वाळूमाश्या सुरू होतील. मुलीची आई, म्हणजे अर्जदारांची लेक फरंगीस, संमतीपत्रावर सही करीत नाही. "माकडाची सर्दी माझ्या पोरीला? आधी आईला टोचा, मग बघू," असे तिचे उत्तर आहे.

३. तरी अर्जदारांना फरंगीससमोर लस टोचावी. नियम आड येत असल्यास मिठाचे पाणी चालेल, मात्र सुई लांब असावी. पाण्याची बाब फरंगीसला कळू नये.

४. हा मजकूर अर्जदारांनी आधी लिहू नका म्हणून सांगितले, मग लिहा म्हणाल्या. चव्वेचाळिसावी मुलगी फरंगीस होती. ती रडू लागली आणि परक्या मुलींवर स्थिर राहिलेला हात पोटच्या पोरीवर चालेना. त्यांनी काटा टाकून दिला. त्याच उन्हाळ्यात फोड तिच्या गालावर उठला, त्याचा व्रण आजही आहे. सगळ्या गावाला वाचवलं आणि मला तेवढं सोडलं, असे ती आजवर धरून बसली आहे. अर्जदारांना याचे फार वाईट वाटते.

५. अंगठा घेण्यापूर्वी अर्ज मोठ्याने वाचून दाखवण्याची आमच्या धंद्यात रीत आहे. त्याप्रमाणे वाचला. फरंगीस आईला जेवायला बोलवायला येऊन मागेच उभी होती, हे कलम चार संपल्यावर लक्षात आले. मग आईच्या पिशवीतून संमतीपत्र काढून तिने माझ्याच पेनाने सही केली. "ऊठ आई, पुलाव गार होतोय," एवढेच म्हणाली.

सबब कलम तीन रद्द समजावे. अर्जदार अर्ज मात्र मागे घेत नाहीत. शनिवारी सुई पाहून तरलान रडणार आणि फरंगीस तिला उचलून घरी न्यायला निघणार, याची त्यांना खात्री आहे. तेव्हा दार अडवून बसायला अर्जदारांना आत एक खुर्ची मिळावी.

आपल्या होकाराची वाट पाहणाऱ्या,
महलका खाला (डाव्या अंगठ्याचा ठसा)
लेखक : एसकंदर, अर्जनवीस
दि. १७ ओर्दीबेहेश्त

सोबत : संमतीपत्र, सहीसह.