पन्नास मिनिटांची वाट

११ मार्च
उद्या बंदर. शेवटी!

काकांना वाटतं, मी हवापालटासाठी आलोय. ‘कॉलेज अर्धवट सोडलंस, निदान समुद्र तरी पुरा बघ!’ हा विनोद ते जेवणाच्या टेबलावर अनोळखी माणसांनाही ऐकवतात. त्यांना ही सहल घ्यायला लावली मीच — कारण जहाज तिच्या गावी आठ तास थांबतं. ती तिथे दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागली, त्याला सात महिने झाले. कळवलंय — बंदराचं फाटक, बरोबर दहा. सरळ लग्नाचंच विचारणार. नाही म्हणाली तर? म्हणणार नाही.

१२ मार्च, सकाळी
काय उकाडा! पायऱ्या उतरेपर्यंत इस्त्रीच्या शर्टाचं पोतेरं झालं. आमचे सहप्रवासी म्हणजे एकेक नमुना. नाकावर पांढरं मलम, गळ्यात कॅमेरा. शंभर पावलं चालतात आणि वळून फोटो काढतात — ज्या जहाजातून आत्ता उतरले, त्याचाच!

अकराला दहा कमी
आली नाही!!

पन्नास मिनिटं उन्हात उभा. टॅक्सीवाल्यांनाही आता माझी दया येतेय. काका फाटकाजवळच्या बाकावर सावलीत बसलेत. ‘कुणाची वाट बघतोयस रे?’ ‘कुणाची नाही.’ ‘मग जरा बसून बघ की!’

तळपायाची आग मस्तकात गेली. मेसेज टाकला : ‘बस कवळ्या धूत. माझ्यासारखा वाट बघणारा सात जन्मांत मिळणार नाही. संपलं.’ फोन बंद. बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

दुपारी
गाढव! मी, मीच गाढव!

काकांचा गुडघा दुखत होता म्हणून काकूबरोबर बाजारात मी गेलो. टोप्यांच्या दुकानात भिंतीवर घड्याळ — साडेदहा. माझ्यात साडेअकरा. मी दुकानदाराला म्हटलं, ‘घड्याळ बंद पडलंय तुमचं.’ तो नुसता हसला. काकू म्हणाली, ‘अरे, जहाजाचं घड्याळ इथल्यापेक्षा तासभर पुढे असतं. काल दाराखालून कागद सरकवला होता ना? वाचायला काय होतं तुला?’

म्हणजे तिचे दहा तेव्हा वाजायचेच होते!

धावलो. काकू मागून ओरडतेय, ‘अरे, टोपी! टोपी तरी घाल!’ फाटकाशी कुणी नाही. काका बाकावर वारा घेत बसलेले. ‘धापा कसल्या टाकतोस? कुत्रं लागलं का मागे?’ तिच्याबद्दल त्यांना कोणत्या तोंडाने विचारणार! फोन चालू केला. बारा वेळा लावला. उचलत नाही.

संध्याकाळी
जहाज सुटलं. डेकवर बँड वाजतोय. त्या ढोलवाल्याला समुद्रात ढकलावंसं वाटतं.

१३ मार्च
नाश्त्याला काका म्हणाले, ‘पोरगी गोड आहे हो तुझी. दहाच्या ठोक्याला आली काल — इथल्या दहाच्या. फाटकावर तुझंच नाव विचारत होती, म्हणून बोलावून बसवली. तुझा मेसेज दाखवला तिने. मी म्हटलं, पोरी, पुतण्या माझाच, म्हणून सांगतो — या भानगडीत पडू नकोस.’

मी विचारलं, ‘मग? ती काय म्हणाली?’

‘थँक्यू म्हणाली.’