कवळीचं फिटिंग

६ फेब्रुवारी
वरचे उरलेले अकराही दात एका बैठकीत काढून टाकले. डॉक्टरीणबाई पोरसवदा आहेत, पण हात बरा. आमच्या कारखान्याच्या टूलरूममध्ये चालल्या असत्या. मी हूं की चूं केलं नाही. ही बाहेर बसली होती, म्हणते ओरडणं ऐकू येत होतं. दुसरा कोणी पेशंट असणार.

सूचनांचा कागद मिळाला. सिगरेट बंद, शुगर तपासा, जोरात चूळ भरू नका. सर्वसामान्य लोकांसाठी ठीक आहे.

पोरगी चार वर्षांनी येतेय, २१ एप्रिलला. तिला यातलं अक्षरही सांगायचं नाही, हिला बजावलंय. विमानतळावर बत्तीशी दाखवत उभा राहणार. तोवर माझ्या फोनचा कॅमेरा बिघडलेला आहे.

९ फेब्रुवारी
ठणका पार कानापर्यंत. सिगरेट बंद. कालच्या दोन सोडून. आजची एक अर्धीच, तीही धूर नाकातून सोडून.

१२ फेब्रुवारी
दोन खळग्यांत रक्ताची गुठळी धरलीच नाही, आतलं हाड उघडं पडलंय म्हणे. सिगरेट ओढता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. नाही म्हणालो. त्या क्षणी ओढत नव्हतोच. शुगरचा रिपोर्ट मागितला. आणतो म्हटलं. माझी शुगर मला माहीत आहे. थोडी असते.

खळग्यात औषधाची पट्टी भरली. घर दवाखान्यासारखं घमघमतंय.

१ मार्च
कवळी आली. जखम पुरती भरू द्या, असा डॉक्टरीणबाईंचा हेका होता. मी एप्रिलचा हेका धरला. शेवटी तात्पुरती म्हणून दिली, दिवसातून थोडाच वेळ घाला म्हणाल्या. मशीन चालवल्याशिवाय जागा धरत नाही, हे त्यांना कोण सांगणार. दिवसभर घातली.

आरशात दहा वर्षांनी तरुण. बोलताना शिट्टी वाजते. जाईल.

४ मार्च
मेव्हणा भेटायला आला. त्याचीही कवळी. माझ्यासमोर बसून अख्खं सफरचंद खाल्लं, मुद्दाम कचाकचा. मी कुस्करलेलं केळं. हिने त्याला दुसरं सफरचंद दिलं.

८ मार्च
उजवीकडे टोचते. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, या, घासून देते, स्वतः हात लावू नका. तेहतीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला हे ऐकवतात.

जोड कुठे घासतो ते बघायला आम्ही एका भागाला निळा रंग लावून दुसऱ्यावर बसवायचो. रंग जिथे उठेल तिथे कानस मारायची. तो रंग तोंडात घालायचा नाही, एवढी अक्कल मला आहे. हिची लिपस्टिक घेतली. गॅलरीतल्या लोखंडी व्हाइसमध्ये कवळी आवळून बारीक कानशीचे आठ-दहा हात मारले. फर्स्ट क्लास.

लिपस्टिक पुसायची राहिली. ही जेवताना एवढंच म्हणाली, रंग खुलतो तुम्हाला.

१५ मार्च
आता डावीकडे टोचते. एका बाजूने कमी केलं की दुसरीकडे भार जाणारच, साधा हिशोब आहे. डावीकडून घासली. मग पुढून. मग पुन्हा उजवीकडून, थोडीच.

१९ मार्च
हलते. जुन्या फोरमनचा फोन आला. हॅलो म्हणताना कवळी खाली आली आणि नुसतं हॅ झालं. त्याला वाटलं मी चिडलोय. त्याने फोन ठेवला.

सिगरेट अजिबात नाही. जेवणानंतरची सोडून. तिला औषधात धरतो.

२६ मार्च
मधोमध तडा. घासून घासून पापुद्रा झालाय, असं हिचं निदान. माल हलका आहे, दुसरं काही नाही. दोन ट्यूबा मिसळून लावायचा गोंद भरला, दिवसभर क्लॅम्पमध्ये ठेवली. जोड आता मूळच्यापेक्षा पक्का. चव जरा पेट्रोल पंपासारखी.

२ एप्रिल
गोंदाची चव गेली. सगळ्याचीच चव गेली. हिरडीवर पांढरट चट्टा आहे, दाबलं की घाण येते. साफ होत असणार. ही उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला लागलीये. तिथला पंखा बरा आहे म्हणते.

पोरगीचा फोन. बाबा, आवाज असा का येतोय, विचारत होती. नेटवर्क म्हटलं. कॅमेरा दुरुस्त करा ना, चेहरा तरी बघू दे, म्हणाली. आता आलीस की डोळे भरून बघ, म्हणालो. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. फार दुखत होतं म्हणून.

९ एप्रिल
ही मला जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी कवळी हातात घेऊन उलटसुलट बघितली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बोटातून रक्त घेऊन तिथल्या तिथे शुगर बघितली आणि आकडा मला नाही, हिला सांगितला. वरच्या जबड्याचं हाड मेलंय, पू झालाय, आजच मोठ्या हॉस्पिटलात जा, म्हणाल्या. मी म्हटलं, एकवीसनंतर बघू. ही सगळ्यांसमोर म्हणाली, गप्प बसा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

गेलो नाही. एवढ्या-तेवढ्याला हॉस्पिटल म्हणजे अतीच.

१७ एप्रिल
हॉस्पिटल. तापात पडलो, शेजाऱ्यांनी उचलून आणलं. डोळ्याखालपर्यंत सूज. ऑपरेशन उद्या. किती हाड काढायचं ते उघडल्यावर कळेल, असं सर्जन म्हणतात. किरकोळच असणार. परवा डिस्चार्ज मागतो. विमानतळ इथून जवळ आहे, उलट सोयीचंच झालं.

हिने पोरगीला फोन केला. ऑपरेशन आहे, एवढंच सांगितलं. बाकीचं ती समोर आल्यावर मी सांगेन.

२१ एप्रिल
बोलता येत नाही. लिहिता येतं.

उजवा गाल आत गेलाय. आरसा मागितला तर सिस्टर सापडत नाही म्हणाल्या.

पोरगी विमानतळावरून थेट वॉर्डात आली. ही औषधं आणायला खाली गेली होती. पोरगी बॅग ओढत दारात उभी राहिली. केस कापलेत. वाळलीये. एकेका कॉटकडे बघत आली. माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेली. टोकापर्यंत जाऊन परत फिरली, चेहरा रडवेला.

तोंडभर कापसाचे बोळे, हाक मारता येईना. हात वर केला. लगेच जवळ आली, स्वभाव तसाच आहे. वाकून हळू आवाजात विचारलं, काय हवंय आजोबा, सिस्टरला बोलावू का.

मी मानेनेच नाही म्हटलं. ती पलीकडच्या वॉर्डात बघायला गेली.