चिलखती गाडीची वही

मी, उपेंद्र रघुनाथ मुळे, वय ५७, मूळचा अहमदनगरचा, सध्या राहणार ॲथलोन, आयर्लंड. परवा माझे हृदयाचे ऑपरेशन आहे. त्याआधी पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली नसताना हे लिहून ठेवतो. दबाव आणायला कुणी आले नाही, हेच मला जरा खटकते. मराठीत लिहितो आहे, म्हणजे वकिलालाही मधेच शब्द घुसडता येणार नाही. याआधीचे मृत्युपत्र नाही. कुणी काढून दाखवलेच, तर ते खोटे समजावे.

१. नगरचे घर पत्नी सौ. पद्मिनी हिला. तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. कागदपत्रे कुठे ठेवली आहेत, ते तिला ऑपरेशनच्या सकाळी सांगेन.

२. पान्यांचा सेट धाकटा भाऊ मोहन याला. बारीक मापे घ्यायचा माझा व्हर्नियर त्याच्याकडे आहेच. १९८३ पासून “मी नेलाच नाही” म्हणतो.

३. माझी खरी कमाई म्हणजे एक दोनशे पानी वही, आणि ती माझ्यापाशी नाही. ब्रिटिशांच्या रोल्स-रॉइस चिलखती गाडीचा इतिहास तीत आहे. १९१४ साली उंची मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे ठोकून, वर मशीनगनचा गोल बुरूज बसवून ती बनवली. १९२२ मध्ये इथून जाताना ब्रिटिशांनी अशा तेरा गाड्या आयर्लंडच्या नव्या सैन्याला दिल्या. आमच्या नगरच्या रणगाडा संग्रहालयातही तशी एक उभी आहे. माझे वडील लष्करी वर्कशॉपात फिटर होते. त्या गाडीसमोर उभा राहिलो की ते फार आठवतात.

इथे आल्यावर शेजारी श्री. डर्मट किलीन भेटले. तेही सैन्यातले निवृत्त फिटर. त्यांचे वडील त्या तेरांपैकी एक चालवत. पत्र्यातल्या दोन बोटे रुंद फटीतून रस्ता बघायचा, चढावर इंजिन तापले की बुरुजातल्याने उतरून पायी चालायचे, असे सगळे डर्मट दर रविवारी सांगत आणि मी लिहून घेई. दुसरी प्रत केली नाही. केली असती तर तीही कुणीतरी लांबवली असती.

४. श्री. डर्मट किलीन यांना काहीही नाही. कारण कुणालाच, घरच्यांनाही, सांगितलेले नाही, ते असे. डिसेंबर १९९९ मध्ये आम्ही नगरला गेलो, किल्ली त्यांच्याकडे दिली. परत आलो तर वही गायब. कुंपणावरून गृहस्थ हसत म्हणाले, “युअर बुक इज ग्रँड, इट्स इन द हॉट प्रेस.” म्हणजे ताजी ताजी छापून मोकळे! त्याच आठवड्यात इथल्या साप्ताहिकात त्या गाडीवर अर्धे पान आले. कात्रण मी पुरावा म्हणून जपले आहे. त्यानंतर ते तीनदा दार वाजवून गेले. मी स्वयंपाकघरात श्वास रोखून बसलो. सव्वा वर्ष बोललो नाही.

(कलम ४ खोडले. उ. मु.)

खोडण्याचे कारण: साक्षीला ऑफिसातला चारुदत्त आला होता. त्याची बायको नंदिनी तापाने घरी. वरील मजकूर मी सर्वांना वाचून दाखवला, तर मुलगी पूर्वी खो खो हसत सुटली. “बाबा, हॉट प्रेस! इट्स व्हेअर द टॉवेल्स गो!” पद्मिनी म्हणाली, “अहो, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट ते. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. एका शब्दाने विचारायचं होतं मला!”

पूर्वी धावत जाऊन डर्मटना घेऊन आली. त्यांच्या हातात वही. आम्ही नसताना आमच्याकडे पाइप फुटला होता. भिजलेली वही त्यांनी आपल्या टाकीच्या कपाटात वाळत ठेवली होती. ते कात्रण आज मी प्रथमच शेवटपर्यंत वाचले. त्यात एका गाडीच्या दुरुस्तीची बातमी आहे, किलीनांचे नावसुद्धा नाही. मला इतकी लाज वाटली की मान वर होईना. डर्मट एवढेच म्हणाले, “इट्स ड्राय नाऊ.”

५. सदर वही श्री. डर्मट किलीन यांना. त्यांना मराठी येत नाही. मी परत आलो तर उरलेले रविवार मीच वाचून दाखवीन. न आलो तर पूर्वीने नीट मराठी वाचायला शिकावे आणि त्यांना त्यांच्या वडिलांची हकिकत इंग्रजीत सांगावी.

हे मृत्युपत्र मी वाचले, मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करतो.

उपेंद्र रघुनाथ मुळे
ॲथलोन, ११ मार्च २००१

साक्षीदार पहिला: चारुदत्त पेंढारकर

साक्षीदार दुसरा: ~~डर्मट कि~~ (खोडले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा इथला कायदा आहे. म्हणून त्यांच्या हातातले पेन मी काढून घेतले. उ. मु.)

साक्षीदार दुसरी: नंदिनी पेंढारकर, तापातून उठवून आणलेली