शफी सरांचं सरतं वर्ष

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

आज ‘चषक’ आला.

सकाळी गॅलरीत उन्हाला बसलो होतो. मी पेपर वाचत होते — ‘भारताच्या मुलींनी जिंकला विश्व...’ आणि नेहमीसारखी थांबले. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ हलले, परत मिटले. मी गप्प. शब्द आपण पुरवायचा नाही, असं स्पीच थेरपीच्या मॅडमनी बजावलंय. मग आला. ‘चषक.’ स्वच्छ. शेवटचा ‘क’सुद्धा पूर्ण.

जानेवारीत पक्षाघाताचा झटका आला तेव्हा हे मला पेपरच वाचून दाखवत होते. मी मशीनवर ब्लाउज शिवत होते. खो-खोच्या आपल्या दोन्ही संघांनी जग जिंकल्याची बातमी. वाक्य अर्धंच राहिलं. मला वाटलं चष्मा पुसताहेत. वळून बघितलं तर पेपर खाली पडलेला.

समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. नामपूरच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेला माणूस — त्याला पाणी हवं असलं की ‘खडू’ म्हणायचा. मॅडम म्हणाल्या, यांना जे आवडतं तेच वाचा, शेवटचा शब्द सोडा आणि थांबा. म्हणून मी वाचते. तीस वर्षं ते वाचायचे आणि मी ऐकायची, आता उलटं. माझं शिक्षण मालेगावला उर्दू शाळेत सातवीपर्यंत. मराठी यांनीच शिकवली.

पेपरातला फोटो बराच वेळ बघत होते. त्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडताहेत. यांच्याही डोळ्यांत पाणी. झटक्यानंतर रडू लवकर येतं म्हणतात. पण हे ते नव्हतं.

८ नोव्हेंबर

देवराम भाऊ आले होते. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सेक्रेटरी. रोज संध्याकाळी यांना हाताला धरून बागेत फिरवून आणतात. आज वर आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले, तेव्हाच कळलं काहीतरी विचारायचंय.

एकतीस डिसेंबरला संघात यांचं भाषण असतं. वर्षाचा आढावा. देशात काय झालं, जगात काय झालं, सगळं एका तासात, कागद न बघता. इथे नाशिकच्या जेल रोडवर लोक त्यांना त्यामुळेच ओळखतात — ते शफी सर, एकतीस तारखेवाले.

‘कमिटीत चाललंय की यंदा कॉलेजातल्या एका प्राध्यापकाला बोलवावं. मी म्हणलं, आधी सरांना विचारतो.’

मला राग आला. असं तोंडावर विचारायचं? मी म्हणणार होते की प्राध्यापकांनाच बोलवा. पण हे आधीच डावा हात वर करून बसलेले. वर्गात पोरं करतात तसा.

‘हो,’ म्हणाले.

१६ नोव्हेंबर

रद्दी दिली नाही ते बरं झालं. वर्षाचे पेपर पलंगाखाली आहेत. झेबा पुण्याहून फोनवर म्हणाली, ‘अम्मी, मोबाईलवर सगळी यादी एका मिनिटात मिळते.’ यांना सांगितलं तर मान हलवली. नाही. पेपरच.

आता पद्धत ठरलीय. मी एकेक महिना काढते, मथळा वाचते. घ्यायची असेल बातमी तर ‘हो’. नाहीतर हात झटकतात. पुढाऱ्यांच्या बऱ्याच बातम्यांना आज हात झटकला.

मार्चमधला म्यानमारचा भूकंप — हो. नव्या पोपची निवड — हो. जूनमधला अहमदाबादचा विमान अपघात. मी मथळा वाचला. तो पेपर जूनमध्ये वाचला तेव्हा यांना एकही शब्द धड येत नव्हता. नुसता हात धरून ठेवला होता माझा. आज म्हणाले, ‘एक... वाचला.’ बरोबर, त्या विमानातला एकच प्रवासी वाचला होता. त्यांच्या लक्षात राहिलंय! म्हणजे तेव्हा सगळं आत जात होतं. बाहेर येत नव्हतं एवढंच.

२४ नोव्हेंबर

अंध मुलींच्या क्रिकेट संघानेही विश्वचषक जिंकला. कोलंबोत. बातमी दोनदा वाचायला लावली. चेंडूत घुंगरू असतं, आवाजावर खेळतात, हे मी यांना समजावून सांगायला लागले तर हसले. त्यांना माहीत असणारच.

२ डिसेंबर

थंडी चांगलीच आहे. आज जुलै काढला.

जुलैचा पेपर हातात घेतला आणि मलाच वाचवेना. शिवरायांचे किल्ले जागतिक वारशात गेले तो दिवस. बारा किल्ले, त्यात आपल्या बागलाणचा साल्हेर. त्या सकाळी मी हे वाचून दाखवलं, तेव्हा यांना महिनोन् महिने एक धड वाक्य आलं नव्हतं. आणि एकदम म्हणाले होते — ‘साल्हेर आपला शे.’

पुस्तकातली मराठी नाही. अहिराणी. आईकडून ऐकलेली. वर्गात पोरांनी ‘शे’ म्हटलं तर हे ‘आहे’ म्हणायला लावायचे. आणि गेलेली भाषा परत आली ती त्या वाटेने. मी मॅडमना फोन लावला. त्याही रडल्या.

त्याच महिन्यात आपला माणूस अवकाशस्थानकात राहून सुखरूप उतरला. नागपूरच्या मुलीने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. आमच्या घरात तेवढं एक वाक्य आलं होतं, पण माझ्या मनात ते त्या बातम्यांच्याच पंगतीला बसलंय.

९ डिसेंबर

हल्ली जास्तच कडक झालेत. मी लिहून काढलेला भाग परत परत मोठ्याने वाचायला लावतात. घाई केली की खुर्चीच्या हातावर टकटक. ‘अवकाशस्थानक’ला मी आज तीन ठिकाणी अडखळले तर बोटाने ‘पुन्हा’ची खूण. मी म्हटलं, ‘अहो, भाषण तुमचं आणि घसा माझा सुकतोय.’

हसले. तरी पुन्हाची खूण.

ओझरचं घेतलं. ऑक्टोबरमध्ये नाशिकच्या कारखान्यातून नवं तेजस विमान पहिल्यांदा उडालं. देवराम भाऊंचा पुतण्या तिथे कामाला आहे. त्या दिवशी भाऊ पेढे घेऊन आले होते आणि जणू विमान त्यांनीच ढकलून वर सोडलं अशा थाटात बोलत होते. आज मी तो भाग वाचला तर हे म्हणाले, ‘द्राक्षं... आणि विमान.’ मी लिहून घेतलं — ‘आता नाशिक म्हटलं की द्राक्षं आणि विमान दोन्ही आठवायला हवीत.’ वाक्य माझं, शब्द त्यांचे. चांगलं झालंय. मलाच आवडलं.

१४ डिसेंबर

भांडण झालं. बोलता न येणाऱ्या माणसाशी कसं भांडतात ते मला विचारा.

एप्रिलचे पेपर मी मुद्दाम मागे ठेवले होते. पहलगाम. मी म्हटलं, हे सोडून देऊ. वर्षात चांगलं एवढं घडलं, तेच सांगा. यांनी हात झटकला. मी म्हटलं, ‘सगळे आपल्याकडे बघतील. तुम्ही काय म्हणता, कसं म्हणता, एकेक शब्द बघतील. आणि तुमचा शब्द मध्येच अडकला तर? त्याच जागी अडकला तर?’

त्या हल्ल्याच्या आठवड्यात लग्नसराई असून एकही ब्लाउज शिवायला आला नव्हता. का, ते मी कुणाला विचारलं नाही. कदाचित काहीच कारण नसेल. पण मी माझ्या शिलाईच्या दुकानाच्या दारात बसून रस्त्याकडे बघत होते ते मला आठवतं.

हे उठले. स्वतः भिंतीला धरून पलंगापाशी गेले, वाकले आणि एप्रिलचा गठ्ठा डाव्या हाताने ओढून काढला. माझ्यासमोर ठेवला.

‘लिही.’

‘काय लिहू?’

बराच वेळ लागला. घाम आला कपाळावर. ‘मेले... ते... आपले.’ मग पेपरात एका कोपऱ्यात बोट ठेवलं. पर्यटकांना वाचवायला गेलेला तिथला घोडेवाला. तोही मारला गेला. ‘हाही. आपला.’

मी लिहिलं. मग मला वाचायला लावलं. माझा आवाज कापला. टकटक — पुन्हा. दुसऱ्यांदा कापला. पुन्हा. चौथ्या वेळी सरळ वाचलं, तेव्हा मान हलवली.

मला यांचा अभिमान वाटतो हे मी यांना कधी सांगितलेलं नाही. इथे लिहिते.

२१ डिसेंबर

सप्टेंबरमध्ये नेपाळची तरुण पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरमध्ये गाझात युद्धबंदी. गाझाच्या पानावर एक बाई मोडक्या घरासमोर चूल पेटवताना. हे फोटोकडे बघून म्हणाले, ‘टिकू दे.’ पुढे काही लिहिलं नाही. तेवढंच ठेवलं.

२७ डिसेंबर

झेबा आली. अब्बूंना बघून खूश. मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, ‘अम्मी, त्यांना उभं करू नका. घरी बोलणं वेगळं. तिथे शंभर माणसं. अडकले तर तो धक्का त्यांना सोसेल का?’

मी म्हटलं, ‘तू सांग.’

ती बाहेर गेली. मला ऐकू येत होतं. तिने खूप प्रेमाने, वळणावळणाने सांगितलं. यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘झेबा. माझा... कोट.’

इस्त्रीला टाकायचा होता.

३० डिसेंबर

कोट आला. सैल होतो. बाजूची शिवण आत घेतली दोन्हीकडून. मला भूक नाही, यांना आहे.

३१ डिसेंबर, बुधवार

हॉल भरला होता. प्राध्यापकही आले होते, ऐकायला म्हणून, पहिल्या रांगेत. मी बाजूच्या खुर्चीवर, कागद माझ्या मांडीवर — अडकले तर पुढचा शब्द हळूच सांगायचा असं मी ठरवलं होतं. मॅडमना चालणार नाही, पण आज मॅडम नव्हत्या.

देवराम भाऊंनी ओळख वगैरे काही करून दिली नाही. नुसतं म्हणाले, ‘सर.’

हे उठले. माइक डाव्या हातात.

‘मित्रहो.’ थांबले. ‘हे वर्ष... मुलींचं.’

टाळ्या पडल्या. मी पुढचं वाक्य ओठांवर घेऊन तयार. टाळ्या संपल्या. हे उभेच. एक क्षण, दोन क्षण. मी कुजबुजले, ‘जानेवारीत...’ यांनी माझ्याकडे बघितलं. पण बोलले नाहीत. झेबाने मागच्या रांगेत तोंडावर हात घेतलेला मला दिसला. मला वाटलं, झालं. जे व्हायला नको तेच झालं.

मग यांनी माइक माझ्यापुढे धरला.

मी आयुष्यात कधी माइक धरला नव्हता. नको म्हणायलासुद्धा वेळ नव्हता. त्यांची शोभा होऊ नये एवढंच डोक्यात. उठले. म्हटलं, ‘जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुली जिंकल्या. मुलंही.’ आणि मग पुढचं वाक्य आलं. त्याच्या पुढचंही. कागद मांडीवरून खाली पडला होता, तो कुणीतरी उचलायला लागलं, पण मला लागला नाही. सगळं पाठ होतं. कधी झालं कुणास ठाऊक.

नागपूरची मुलगी सांगितली. क्रिकेटच्या मुली सांगितल्या, आणि ज्यांना चेंडू दिसत नाही त्याही. ‘अवकाशस्थानक’ एका दमात गेलं. किल्ल्यांच्या ठिकाणी मी म्हटलं, ‘आणि त्या बारांत आपल्या नाशिक जिल्ह्याचा...’ आणि सवयीने थांबले. वर्षभराची सवय. सगळा हॉल म्हणाला — ‘साल्हेर!’ सगळ्यांत आधी हे म्हणाले. मी ऐकलं.

द्राक्षं आणि विमानाला देवराम भाऊ उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पहलगामला मी सावकाश बोलले. जे मेले ते आपले. त्यांना वाचवायला जो गेला तोही आपला. नंतरचे मे महिन्यातले दिवस, ब्लॅकआऊटची तालीम, फोनवर फोन. लोक माझ्याकडे बघत होते. बघू दिलं. आवाज कापला नाही.

संपल्यावर लंकाबाई आल्या. माझ्याकडून पंधरा वर्षं ब्लाउज शिवून घेतात. म्हणाल्या, ‘खुर्शीदताई, मापं घेताना तर तोंडातून शब्द निघत नाही तुमच्या. एवढं सगळं कुठं ठेवलं होतं?’ प्राध्यापक म्हणाले, ‘ताई, उत्तम.’ झेबाने मिठी मारली, सोडेचना.

मी आनंदात होते. खोटं कशाला लिहू. पण घरी येताना रिक्षात यांच्याकडे बघवेना. वर्षभर राबले आणि दोन वाक्यांवर थांबावं लागलं. मी म्हटलं, ‘वाईट वाटलं का?’ यांनी ‘नाही’ अशी मान हलवली आणि बाहेर बघत बसले. माझ्या टाळ्या त्यांच्या होत्या. मला त्या घरी आणाव्याशा वाटेनात.

१ जानेवारी २०२६

सकाळी देवराम भाऊ शुभेच्छा द्यायला आले. मी दारातच म्हटलं, भाऊ, काल सरांचा शब्द अडकला, फार जीवाला लागलंय माझ्या.

भाऊ म्हणाले, ‘अडकला? वहिनी, तेवढंच ठरलं होतं. डिसेंबर लागला तेव्हाच बागेत मला सांगितलं सरांनी. पहिलं वाक्य मी, पुढं खुर्शीद. मी म्हणलं, वहिनींना विचारलं का? तर म्हणाले — सांगू नको. पळेल.’